गेम क्लासिक ठरतो तो कशावर?

प्रश्न : ‘मारिओ’, ‘पॅकमॅन’ यांना आपण क्लासिक म्हणतो ते केवळ लहानपणी खेळलो म्हणून, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चिरंजीवांचं निम्मं बरोबर आहे. टीव्ही-गेमबरोबर मिळणारी ती ‘९९९९ इन १’ कार्ट्रिज आठवा. आत मोजकेच गेम, तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून आकडा फुगवलेला. त्यातले बरेचसे आज पाच मिनिटंही खेळवत नाहीत. तेव्हा जुनेपणाचं सोडा. न सांगता शिकवतो का आणि हरल्यावर ‘चूक माझीच’ असं वाटायला लावतो का, एवढंच पाहा.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची (१९८५) पहिली लेव्हल बघा. सुरुवातीलाच समोरून एक तपकिरी शत्रू चालत येतो. गप्प उभं राहिलात तर मेलात, पण वाया जातात जेमतेम काही सेकंद. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं लागलं की मशरूम निघतं, उजवीकडे जातं, पाइपला आपटून परत आपल्याच अंगावर येतं. नवखा खेळाडू घाबरून उडी मारतो, पण वरच्या विटांवर आपटून बहुतेक वेळा त्याच्यावरच पडतो आणि मारिओ मोठा होतो. मशरूम चांगलं, हे न वाचता कळलं! लेव्हलच्या शेवटाकडे समोरासमोर जिन्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, तिथे चुकलात तरी चालतं. दुसरीच्या मधे खड्डा आहे. आधी सराव, मग परीक्षा.

घरी करून बघा : गेम कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती रिमोट द्या आणि दहा मिनिटं तोंड बंद ठेवा. मेल्यावर तो न विचारता पुन्हा ‘स्टार्ट’ दाबतो का, बघा. ‘काय करायचं असतं इथे?’ असं दोन-तीनदा आलं, तर गेम कच्चा.

प्रश्न : पॅकमॅनमधली भुतं वाटेल तशी फिरतात ना? मग त्यात कौशल्य कसलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाटेल तशी अजिबात नाही. मूळ आर्केड गेममध्ये (१९८०) लाल भूत थेट तुम्ही असाल त्या घराचा (म्हणजे पडद्यावरच्या चौकोनाचा) नेम धरतं. गुलाबी तुमच्या तोंडासमोरच्या चौथ्या घराचा. निळ्याचा नेम तुम्ही आणि लाल, दोघांच्या जागेवर ठरतो. नारिंगी लांबून पाठलाग करतं, पण आठ घरांच्या आत आलं की डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे वळतं. पहिल्या लेव्हलला आधी सात सेकंद चौघं आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग वीस सेकंद पाठलाग. सगळी एकदम उलटी फिरली, की पवित्रा बदलला असं समजा. मोठी गोळी खाल्ल्यावर निळी पडलेली भुतं तेवढी बेभरवशाची.

नियम इतके पक्के, म्हणून तर तरबेज खेळाडू वाटा पाठ करतात. चौघांना एकच नियम दिला असता, तर चारही भुतं एका रांगेत मागे लागली असती आणि गेम आठवड्यात विसरला गेला असता.

प्रश्न : जुना टीव्ही-गेम नव्या एलईडी टीव्हीला जोडला. मारिओ उशिरा उडी मारतो आणि बदकांच्या गेममध्ये बंदूक लागतच नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : उडीवर उपाय आहे. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो. हा उशीर १०० मिलिसेकंद धरला, तर सेकंदाला ६० फ्रेमच्या (म्हणजे चित्रांच्या) हिशेबाने सहा फ्रेम झाल्या. धावता मारिओ फ्रेमला सुमारे अडीच पिक्सेल सरकतो. म्हणजे १५ पिक्सेल, जवळजवळ एक अख्खी वीट! खड्ड्याच्या काठावर एवढं पुरतं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा. पिवळी पिन थेट टीव्हीत जात असेल तर मधे स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर घालू नका, तोही उशीर वाढवू शकतो.

बंदुकीचा नाद मात्र सोडा. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला त्याच क्षणी दिसावा लागतो. पिक्चर ट्यूबवर तो दिसायचा, एलईडीवर उशिरा येतो. सेटिंग कितीही बदला, फरक पडणार नाही. माळ्यावर जुना डबा टीव्ही असेल तर तो भंगारात देऊ नका.