भरडधान्य, तृणधान्य की श्रीअन्न?

प्रश्न : सांगलीतल्या शाळेच्या खाद्यप्रदर्शनात 'जगाचं ताट' हा विभाग आहे. कोण काय खातो आणि का, हे मुलांनी दाखवायचंय. ज्वारी-बाजरी-नाचणीच्या टेबलावर 'तृणधान्ये' लिहावं, 'भरडधान्ये' की 'श्रीअन्न'?

उत्तर : 'तृणधान्ये' नको. तृण म्हणजे गवत, आणि गहू-भातही गवताच्याच कुळातले. शेजारच्या टेबलावरच्या पोळीलाही हीच पाटी चालेल. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेलं नाव 'पौष्टिक तृणधान्ये' असं आहे. बोलताना त्यातलं 'पौष्टिक' गळतं आणि घोळ होतो. (त्या यादीत राजगिराही आहे, आणि तो गवत नाहीच.)

'भरडधान्य' सरकारी खरेदीत रुळलेलं आहे, पण त्यात मकाही येतो. शिवाय 'भरड' म्हटलं की जाडंभरडं ऐकू येतं. जुन्या 'कदन्न'मध्ये तर आडपडदाच नाही : कद् म्हणजे वाईट. गरिबाच्या ताटातलं ते हलकं, हा निवाडा शब्दातच बसलाय. २०२३ पासून त्याच धान्याला 'श्रीअन्न' म्हणून देव्हाऱ्यात बसवलं. नाव गोड आहे, पण तुमच्या विषयाला गैरसोयीचं. आधीची उतरंड त्याखाली झाकली जाते.

म्हणून मोठ्या अक्षरांत धान्याचंच नाव लिहा आणि खाली बारीक अक्षरांत ही सगळी बिरुदं. ज्वारीच्या दोन वाट्या करा. रब्बीची असेल तरच 'शाळू'. खरिपातल्या संकरित ज्वारीला आपल्याकडे 'हायब्रीड' म्हणतात, तेच लिहा. तिसरी वाटी 'मिलो'ची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ही अमेरिकेची लाल ज्वारी; तिकडे मुख्यतः जनावरांचा खुराक, इकडे माणसांची भाकरी. विषमतेवर याहून नेमका शब्द मिळणं अवघड. ती ज्वारी मिळाली नाही तर वाटी रिकामी ठेवा, पाटी मात्र लावा.

रेशनच्या पाटीवर 'माणशी' आणि 'कुटुंबाला' यांची गल्लत हमखास होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे, अंत्योदयचं ३५ किलो मात्र अख्ख्या कुटुंबाला. ५ किलोचे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम होतात. तेवढं वजन करून ताटात ठेवा, पण दाणेच ठेवा. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं.