कोण कुणाच्या शेजारी?

प्रश्न: आमचं ऑफिस दोन महिन्यांत नवीन जागेत शिफ्ट होतंय. मजले दोन, डिपार्टमेंट नऊ, आणि कोण कुठे बसणार हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. प्रत्येकाला एकतर खिडकी हवी नाहीतर साहेबांच्या केबिनशेजारची जागा. रोज प्लॅन काढून बसते, पेन्सिलीने लिहिते, खोडते, परत लिहिते. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी तो प्लॅन गुंडाळून ठेवा. नकाशा समोर असला की डोळा खिडकीकडेच जातो. नऊ डिपार्टमेंटच्या जोड्या होतात ३६, आणि प्रत्येक जोडीला एकच विचारायचं, हे दोघं लांब बसले तर कुणाचं काय अडेल? मांडणीचं शास्त्र लिहिणारे अमेरिकन इंजिनिअर रिचर्ड म्यूथर यांनी १९६१ मध्ये यासाठीच अक्षरं दिली होती, ए म्हणजे जवळ हवेतच, मग ई, आय, ओ असं उतरत यू म्हणजे कुठेही बसा, आणि एक्स म्हणजे लांबच बरे. अक्षराशेजारी कारणही लिहायचं, ते टाळू नका, कारण बऱ्याचदा कारण लिहायला गेलं की कळतं, अरे हे तर सगळं मेलवरच चालतं, मग ए कशाला?

मी एका ठिकाणी होतो तिथे डिझाइनवाले खाली आणि पर्चेस वरच्या मजल्यावर. सुरुवातीला आमचा एक जण सॅम्पलचा तुकडा हातात घेऊन जिना चढायचा, मग कंटाळला आणि फोटो पाठवायला लागला, फोटोत रंग वेगळा दिसला आणि पूर्ण लॉट चुकीचा आला. हा खरा ए. एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी इंजिनिअर लोकांचं बोलणं मोजलं होतं, त्यात अंतर वाढत गेलं तसं बोलणं झपाट्याने कमी होत गेलं आणि साधारण ५० मीटरनंतर जवळपास संपलंच. मला विचाराल तर जिना त्याहून वाईट, त्यामुळे ए वाल्या जोड्या दोन मजल्यांवर तोडू नका.

एक्सचा मात्र लोकांना विसर पडतो. दिवसभर फोनवर बोलणारी टीम अकाउंट्सच्या शेजारी बसवली तर महिनाअखेरीला काय होईल ते बघा. एचआरची केबिनही चहाच्या मशीनसमोर नको, आत कोण गेलं हे सगळ्या ऑफिसला दिसतं आणि मग तक्रार घेऊन कुणी जातच नाही.

अक्षरं दोन्ही डिपार्टमेंटला वेगवेगळी विचारा हां. एकाने ए म्हटलं आणि दुसऱ्याने यू, तर दोघांना समोरासमोर बसवून बोला, काहीतरी वेगळंच निघेल.

आणि साहेबांची केबिन? ती दहावं डिपार्टमेंट धरा, जोड्या होतील ४५. केबिनशेजारी बसायचंय म्हणणाऱ्यांना कारणाचा रकाना भरायला द्या. मग प्लॅन उघडा, आधी ए ठेवा, मग एक्स लांब करा, खिडक्या सगळ्यात शेवटी.