पुढच्या काचेला खडा लागून टवका उडाला आहे. काच दुरुस्त करावी की बदलावी?

आपण लिहिले आहे की, महामार्गावर पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीमुळे गाडीच्या पुढच्या काचेवर चालकाच्या डाव्या बाजूला, साधारण मध्यावर, मसूर डाळीएवढा टवका उडाला आहे, त्यातून बोटाच्या पेराएवढा तडा निघाला आहे आणि सर्व्हिस सेंटरने संपूर्ण काच बदलायला सांगितली आहे. या वर्णनावरून मला ती काच दुरुस्त होण्याजोगी वाटते. मात्र वेळ दवडू नका. काच कोरडी असतानाच टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यावर वायपरचे पाणी किंवा शाम्पू जाऊ देऊ नका.

याचे कारण काचेच्या घडणीत आहे. पुढची काच म्हणजे दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पातळ थर असतो. खडा बहुधा फक्त बाहेरची काच फोडतो. दुरुस्तीत त्या पोकळीतली हवा ओढून घेऊन तिथे पातळ रेझिन दाबाने भरतात आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतात. तड्यात धूळ किंवा पाणी आधीच जाऊन बसले असेल, तर रेझिन काचेला नीट धरत नाही आणि डागही राहतो. पावसाळ्यात महिनाभर तसाच फिरवलेला टवका म्हणूनच कारागीर नाखुशीने हातात घेतात.

आता गाडीत बसून आतल्या बाजूने त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकले तर आतली काचही फुटली आहे आणि मग बदलण्याला पर्याय नाही. नख सरळ गेले तर जागा पाहा. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात टवका असेल तर मी काच बदलण्याच्या बाजूचा आहे, कारण उत्तम दुरुस्तीनंतरही पुसटशी खूण उरते आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश तिच्यावर फाकतो. काचेच्या कडेला पोहोचलेला तडाही दुरुस्तीला भरवशाचा नसतो, कारण कडेला काचेवर ताण अधिक असतो. मापाचा विचार त्यानंतर करावा: टवका रुपयाच्या नाण्यात झाकला जात असेल आणि तडा सहा इंचांच्या आत असेल, तर बहुतेक कारागीर काम घेतात.

उशीर केल्याने काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या काचेवर असाच टवका होता आणि मी तो दोन महिने तसाच ठेवला. मे महिन्यात भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसून मी एसीचा झोत काचेवर सोडला, तेव्हा टक् असा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत तडा वीतभर सरकला. नंतरच्या गाडीच्या वेळी मी चौथ्याच दिवशी कारागिराकडे गेलो. रेझिन आत शिरू लागले तशी चांदणीसारख्या त्या टवक्याची एकेक काळी रेघ विरत गेली, आणि अर्ध्या तासात तिथे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तेवढा उरला.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहा. सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, हे खरे. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीसाठी २००० रुपये आपल्याला भरावे लागतात, आणि एका दाव्याने साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, पुढच्या नूतनीकरणात जातो. म्हणून दावा करण्यापूर्वी बोनसची रक्कम आणि काचेचे बिल यांची तुलना करा.

काच बदलावीच लागली, तर ती बसवणाऱ्याला घाई करू देऊ नका. ही काच छताला आधार देते आणि अनेक गाड्यांमध्ये डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. त्यामुळे युरेथेनचा चिकटपदार्थ पुरता धरेपर्यंत, कारागीर सांगेल तितके तास, गाडी हलवू नका. नव्या काचेवर आयएस २५५३ हे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचे चिन्ह आहे का, ते पाहून घ्या. आरशामागे चालक-साहाय्यासाठी कॅमेरा असेल तर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेशी नेमकी जुळवणी, बिलात धरले आहे का, हे आधीच विचारा. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, त्यामुळे नव्या टॅगची मागणी त्याच दिवशी नोंदवा.

आपल्या बाबतीत मी आधी दुरुस्तीच करून घेईन. रेझिनचा दाब देताना क्वचित तडा वाढतो. तसे झाल्यास पैसे घेणार की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच कारागिराशी बोलून घ्या.