आपली टीम रोज हरत असताना लोक मॅच बघायला का जातात?

प्रश्न वाचून वाटलं हा मलाच विचारलाय, कारण मी शिकागो व्हाइट सॉक्सचा फॅन आहे. बेसबॉल बघत नसाल तर एवढंच सांगतो की २०२४ मध्ये ही टीम १६२ पैकी १२१ मॅच हरली. १९०१ पासूनचा जो आधुनिक काळ धरतात त्यात एका सीझनमध्ये एवढं कुणीच हरलेलं नाही, आधीचा रेकॉर्ड १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२० चा.

मी मूळचा पुण्याचा, २०२१ ला एमएस करायला इथल्या आयआयटीत आलो (ते आयआयटी नाही हो, इलिनॉय इन्स्टिट्यूट, अर्ध्या नातेवाईकांना अजून वेगळंच वाटतं आणि आई मुद्दाम खुलासा करत नाही). कॅम्पसमधून निघालं, हायवे ओलांडला की ३५ व्या स्ट्रीटवर स्टेडियम आलंच. त्या वर्षी टीम ९३ मॅच जिंकून डिव्हिजनमध्ये पहिली आलेली, होमरन मारला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात ते रूमवर ऐकू यायचे, त्यामुळे फॅन व्हायला वेगळं काही करावं लागलं नाही. मग २०२२ ला ८१ जिंकले, २०२३ ला ६१ आणि २०२४ ला ४१. बाबा आयुष्यभर अकाउंट्समध्ये, त्यांनी लगेच सांगितलं, या चालीने पुढच्या वर्षी २१.

तर का जायचं. एक म्हणजे हा खेळ जवळपास रोज असतो. आयपीएलमध्ये साखळीत १४ मॅच, एक हरलो तरी आठवडा खराब जातो, इथे सहा महिन्यांत १६२, आज वाट लागली तरी उद्या संध्याकाळी परत आहेच, दुखवटा पाळायला वेळ कुठे आहे. आणि खरं सांगू का, टीम हरत असली की तिकीट मातीमोल होतं. त्या वर्षी स्टेडियममधला नवा मिल्कशेक भलताच व्हायरल झालेला, तो मला बऱ्याचदा तिकिटापेक्षा महाग पडायचा. मी मात्र एलोटेवाला, म्हणजे कपात मक्याचे दाणे, वर बटर, चीज, मेयो, लाल तिखट आणि लिंबू. सिंहगडावरच्या कणसाचा श्रीमंत चुलतभाऊ समजा.

दुसरं कारण बाबा. मॅच साडेनऊच्या आसपास संपते तेव्हा पुण्यात सकाळचे आठ, त्यांचा दुसरा चहा चालू असतो. जिंकले का हे विचारणं त्यांनी मे महिन्यातच सोडून दिलं, थेट "आज कसे गेले?" असं विचारायचे, जसं काही कुणाच्या घरी भेटायला जायचंय. २३ मेची मॅच समजवायला मला पाऊण तास लागला. ओरिओल्सविरुद्ध शेवटची इनिंग, आम्ही ८-६ ने मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर (धावताना थांबायचे टप्पे) आमची माणसं, एक आउट. चेंडू जवळच्या जवळ उंच उडाला, सोपा कॅच, अशा वेळी फिल्डरने मुद्दाम सोडून दोघांना आउट करू नये म्हणून अंपायर बॅटरला आधीच आउट देतो. ते दिलं, आणि दुसऱ्या बेसवरचा आमचा अँड्र्यू वॉन फिल्डरच्या वाटेत आला म्हणून तोही आउट. तीन आउट झाले की इनिंग संपते, म्हणजे मॅच खल्लास. बाबा म्हणाले, "म्हणजे ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड, पण कॅच तर त्याने घेतला ना?" हो बाबा, घेतला.

१० जुलैपासून सलग २१ हरलो. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये जिंकलो एकदाचे आणि दोनच दिवसांनी मॅनेजरला (म्हणजे टीमच्या मुख्य कोचला) काढलं. हरत होते तेव्हा ठेवला, जिंकल्यावर काढला, यावर बाबांचं म्हणणं इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला सांगायचंय ते २४ सप्टेंबरचं. १२० झालेले, एक हरलो की रेकॉर्ड, आणि एरवी रिकाम्या खुर्च्या बघायची सवय असलेले आम्ही गर्दी बघून चक्रावलो. सगळे इतिहास बघायला आलेले. "टीम विका" अशा मालकाच्या नावाने घोषणा चालू, माझ्या पुढच्या रांगेत एक जण डोक्यावर कागदी पिशवी घालून, तिला डोळ्यांची भोकं पाडलेली. मागे एक आजोबा, डोक्यावर २००५ ची टोपी, त्या वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेलो, १९१७ नंतर पहिल्यांदा. नऊपैकी सात इनिंग झाल्या, समोरची टीम एंजल्स २-० ने पुढे. सात इनिंगनंतर मागे असताना आम्ही त्या सीझनला ९४ वेळा खेळलो होतो आणि ९४ वेळा हरलो होतो, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. आणि आठव्या इनिंगला यांनी तीन रन काढले! कुणाला कळेना टाळ्या वाजवायच्या की शिव्या द्यायच्या, काही जण तर चक्क हुर्यो करत होते. पिशवीवाल्याने पिशवी वर करून नीट बघितलं आणि परत खाली ओढली. ३-२ ने जिंकलो. मी घसा बसेपर्यंत ओरडलो, मागून आजोबा वैतागून म्हणाले, आता उद्या परत यावं लागणार. उद्याही जिंकले. परवाही. शेवटी शुक्रवारी डेट्रॉइटला जाऊन १२१ वी हरले, आणि त्याच मॅचने डेट्रॉइट प्लेऑफमध्ये गेलं, म्हणजे नाचले तेही दुसरेच.

एवढं करून निदान ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) पहिला नंबर मिळेल म्हणाल तर तेही नाही, वरचे नंबर लॉटरीने ठरतात आणि मोठ्या मार्केटच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही असा नियम आहे, सगळ्यात जास्त हरून आम्हाला दहावा मिळाला.

बाबांचा २१ चा हिशोब मात्र चुकला. २०२५ ला ६० जिंकलो, मी फोनवर तेवढंच सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, "एकशे दोन गेले की रे."