तारप्याशेजारी गिटार घेऊन बसण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचे ध्वनिमुद्रण मी तीनदा ऐकले. आजोबांचा तारपा, हे फुंकून वाजवायचे वाद्य, आणि तुझी गिटार एकत्र आणून वारली गाण्यांचा बँड काढायचा, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. तरी एक गोष्ट खटकली, ती आधी सांगतो. दुसऱ्या कडव्यापाशी तुम्ही संगणकावर तारप्याचा सूर ओढून गिटारला मिळवला आहे. वाळलेल्या दुधीला मेणाने जोडलेल्या बांबूच्या नळ्या जिथे बोलतात, तिथेच त्यांची गोडी असते. गिटारची तार पिळता येते, तारप्याला खुंट्या नसतात. तेव्हा जुळवून घ्यायचे ते गिटारने.

असाच मेळ आधी एका बँडने घातला आहे, तो तुला सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, अर्नहेम लँडमध्ये, योल्ङू या आदिवासी समाजातील गायकांनी गोऱ्या रॉक वादकांबरोबर 1986 मध्ये 'योथू यिंडी' हा बँड स्थापन केला. या नावाचा अर्थ 'मूल आणि आई'. कुळाकुळांमधले नाते सांगणारा तो त्यांचा शब्द आहे. वाळवीने आतून पोखरलेल्या झाडाच्या खोडाचा यिडाकी आणि लाकडी टिपऱ्यांसारख्या बिल्मा त्यांनी ड्रम व गिटारच्या बरोबरीने मंचावर आणल्या. यिडाकी वाजवणारा गालांत हवा साठवून, श्वास न तोडता वाजवतो. तुझे आजोबाही तेच करतात.

मात्र त्यांनी हाताला लागेल ते पारंपरिक गाणे उचलले नाही, आणि तू शिकावेस असे मला वाटते ते हेच. योल्ङूंची 'मनिकाय' गाणी कुळांच्या मालकीची असतात. पूर्वज, जमीन आणि कायदा त्यांत गुंफलेले असतात, आणि ती कोणी, कुठे गायची हे ठरलेले असते. 1988 मध्ये बारुंगा येथे पंतप्रधान बॉब हॉक यांनी आदिवासींशी करार करण्याचे वचन दिले आणि ते पाळले गेले नाही, तेव्हा 1991 मध्ये या बँडने 'ट्रीटी' हे गाणे केले. त्यासाठी त्यांनी 'जात्पांगारी' हा प्रकार आधाराला घेतला, कारण तो अर्नहेम लँडमधल्या यिर्काला गावच्या तरुणांनी 1930 च्या दशकापासून करमणुकीसाठी वाढवलेला, सर्वांसाठी मोकळा असा प्रकार होता. इंग्रजी कडव्यांच्या जोडीला त्यांनी आपल्या गुमात्ज भाषेतील ओळी ठेवल्या.

पुढे मेलबर्नच्या काही डीजेंनी त्याचे नाचासाठी रीमिक्स केले. त्यात इंग्रजी कडवी जवळजवळ सगळी गळाली, गुमात्ज ओळी राहिल्या, आणि ते ऑस्ट्रेलियाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. भाषा जगभर पोहोचली याचा मला आनंद वाटतो, पण मोडलेल्या वचनाची तक्रार ज्या कडव्यांत होती नेमकी तीच वगळली गेली, हे मला आजही बोचते. म्हणून तुझे म्हणणे वारली बोलीतच लिही. काटछाट झाली तरी ते शिल्लक राहील.

बँडचे मुख्य गायक मंदावुय युनुपिंगू हे पेशाने शिक्षक होते, पुढे यिर्कालाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. गोडे पाणी आणि खारे पाणी जिथे मिळते त्या जागेची 'गान्मा' ही योल्ङू कल्पना त्यांनी शिक्षणात आणली. दोन्ही प्रवाह तिथे एकमेकांत येतात, पण कोणीही दुसऱ्याला गिळत नाही. तुझ्या मुद्रणात मला अजून गिटारचेच पाणी जास्त दिसते.

तेव्हा आधी आजोबांना विचार, कोणते गाणे कोणाचे आणि कोणत्या वेळचे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली स्त्रिया, लग्नात जी गाणी म्हणतात ती तूर्त बाजूला ठेव. ती घ्यायची की नाही, हे धवलेरीच ठरवतील. तारपानाचाच्या चाली घे, त्या सगळ्या पाड्याच्या आहेत. तू पाठवलेल्या फोटोत आजोबा स्टुडिओत खुर्चीवर बसून, कानांना हेडफोन लावून वाजवताना दिसतात. तारपकरी चालत वाजवतो, आणि त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. बसवून ठेवल्यावर त्यांचा श्वास आखडला आहे, हे ऐकू येते. भातकापणी उरकली की मी येतोच. तेव्हा खळ्यावर, माणसे नाचत असतानाच मुद्रण करू, आणि गिटार घेऊन तू त्यांच्या मागोमाग चाल.

तुझा शुभचिंतक