टीमवर्क पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष कुठे शिकता येईल?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात टीमवर्कवर लेक्चरं होतात, पण ग्रुप प्रोजेक्ट शेवटी दोघंच ओढतात. मग गटात वागायला शिकायचं कुठे? मुंबई-ठाण्याकडे राहत असाल तर माझं उत्तर सरळ आहे: गोविंदा पथकात जा. मी तळाच्या थरात उभा राहतो.

दहीहंडीला टीव्हीवर दिसतो तो एक्का, सगळ्यात वरचा. सराव मात्र गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो, लोक कामावरून परतले की रात्री. तिथे आधी जागा ठरतात, त्या वजन, उंची आणि खांदे बघून. वर चढायची हौस असलेल्याला खाली उभं राहावं लागतं आणि रुसवेफुगवे होतात ते इथेच. ते तिथल्या तिथे बोलून मिटवावे लागतात, कारण मनात राग धरलेला माणूस खांदा सैल सोडतो.

तळाला मान खाली, हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर घट्ट. वर काय चाललंय ते दिसत नाही. कानावर एकाच माणसाचा आवाज. थर लागत असताना दुसऱ्या कुणी सूचना द्यायची नाही, कितीही अनुभवी असो. पण एक हक्क आमच्याकडे प्रत्येकाला आहे: पाय थरथरले, श्वास कोंडला की "उतरा" म्हणायचं. कुणीही म्हणालं तरी थर उतरतो आणि नंतर त्याला कुणी टोमणा मारत नाही. गटात शिकायची सगळ्यात अवघड गोष्ट मला हीच वाटते. हे म्हणायची लाज वाटायला लागली की माणसं दातओठ खाऊन उभी राहतात आणि मग सगळेच कोसळतात. उतरणंसुद्धा शिकावं लागतं. हंडी फुटली की खालच्यांना हायसं वाटतं, पकड ढिली होते, आणि वरची पोरं अजून वरच असतात.

जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात ९ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. पण थरांचे आकडे बघून पथक निवडू नका. आधी नुसता सराव बघायला जा. खाली मॅट, वरच्यांना हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट, सगळ्यांचा विमा आहे का, १४ वर्षांखालची मुलं चढवत नाहीत ना, हे स्पष्ट विचारा. सुरुवातीला तुम्हाला बहुतेक बाहेरच्या कड्यात, तळातल्यांच्या पाठींना रेटा द्यायला उभं करतील. कंटाळून सोडू नका. वरून कुणी निसटला तर त्याला झेलणारे हात याच कड्यातले असतात.