डॉक्टर, पिशवी खरवडतात का?

प्रश्न : मी 29 वर्षांची, दोन मुली आहेत. विड्या वळते. मालक भिवंडीला मागावर आहेत. गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या यात्रेत) अक्षतेच्या दिवशी पाळी आली होती, त्यानंतर नाही. तिसरं मूल आम्हा दोघांनाही नको. पण माझ्या जाऊबाईंचं आठ वर्षांपूर्वी क्युरेटिन झालं, त्यानंतर त्यांना दिवसच गेले नाहीत. सासूबाई म्हणतात, पिशवी खरवडली की चरे पडतात. एका दवाखान्यात गेले तर ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणाले. मेडिकलवाला गोळ्या देतो म्हणतोय. काय करू? – एक वाचक, कुंभारी

उत्तर : तुमच्या पत्रावर 8 मार्चची तारीख आहे. अंक हाती येईपर्यंत थांबणं बरं नव्हे, म्हणून तुम्हाला टपालाने आधीच कळवलंय. इथे छापतेय ते बाकीच्या बायकांसाठी.

सोलापुरात पाळीची तारीख विचारली की गड्डा, नवरात्र, मुलीची परीक्षा असंच उत्तर येतं. मला त्याची सवय आहे. अक्षता 13 जानेवारीची धरली, तर पत्र लिहिलं तेव्हा तुम्हाला पावणेआठ आठवडे झाले होते. म्हणजे वेळेत आहात.

आता खरवडण्याचं. सासूबाई खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात. मी शिकत होते तेव्हा लोखंडी क्युरेटनेच, म्हणजे खरवडायच्या हत्याराने, पिशवी साफ करायचो. त्याचा आवाज अजून कानात आहे. आज पहिल्या तीन महिन्यांत तसं करायची गरज नाही. प्लास्टिकची बारीक नळी आत घालून सिरिंजने किंवा मशीनने गर्भ ओढून घेतात. हत्यार बदललं, पण आपल्याकडे नाव ‘क्युरेटिन’च राहिलं आणि नावासोबत भीतीही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘सक्शनने करणार ना?’ विचारायला लाजू नका.

पिशवीच्या तोंडाशी भुलीचं इंजेक्शन देतात. मग पाच-दहा मिनिटांचं काम. पाळीत येते तशी कळ येते, काहींना जास्त. निघालेलं मी बशीत पाण्यात घेऊन उजेडात बघते, म्हणजे काही मागे राहिलं का ते तिथेच कळतं. शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणींचं एकदाच काम होतं. मोठा त्रास शंभरात एकीलाही होत नाही. पिशवीला छिद्र पडणं हे तर फारच क्वचित. नीट झालेल्या सक्शनमुळे पुढे मूल राहत नाही, असं होत नाही. जंतू शिरले आणि उपचार झाले नाहीत, तर मात्र पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या बीजनळ्या खराब होऊ शकतात. म्हणून जागा महत्त्वाची : सरकारी रुग्णालय किंवा गर्भपाताची मान्यता असलेला दवाखाना.

सहीचं ऐकून मला राग आला. 1971च्या गर्भपात कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. संमतीच्या फॉर्म सीवर सही तुमची. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. 2021च्या दुरुस्तीने तुमचं नाव गुप्त ठेवणंही डॉक्टरवर बंधनकारक केलंय. मालकांना भिवंडीहून बोलवायचं असेल तर सोबतीला बोलवा, सहीसाठी नको.

गोळ्या वाईट नाहीत, मीही देते. पण आधी तपासून. गर्भ पिशवीत नसून बीजनळीत असला, तर गोळ्यांनी तो जात नाही. रक्त जातंय म्हणून बाई निर्धास्त राहते आणि आत नळी फुटते. तपासणी न करता मेडिकलवाल्याने हातावर टेकवलेली पुडी घेऊ नका.

जाताना रक्तगट माहीत करून घ्या. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. हिमोग्लोबिनही बघून घ्या. विड्या वळणाऱ्या बायकांत ते बरेचदा कमी सापडतं. नंतर एक-दोन दिवस आराम करा, मग पानं कातरायला बसलात तरी चालेल. थोडं रक्त आठवडाभर, कधी दोन आठवडे जातं. सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजले, ताप आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, तर रात्र असली तरी सिव्हिलला जा.

आणि हो, दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात. तांबी त्याच वेळी बसवता येते, सरकारीत पैसे लागत नाहीत.

जाऊबाईंनाही सोबत घेऊन जा. आठ वर्षं सगळा दोष त्या एका दिवसावर टाकलाय, पण तुमच्या दिरांची तपासणी झाल्याचं पत्रात कुठेच नाही. ती आधी करा. साधी असते, वीर्याच्या एका नमुन्याची.